चावी हातात आल्यावर गाठीशी किती उरेल?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या, पती ३४ वर्षांचे, मुलगी दोन वर्षांची. दोघंही नोकरी करतात. सात वर्षं काटकसर करून त्यांनी पैसे साठवले आणि आता पहिलं घर पसंत पडलं आहे. ओळख पटू नये म्हणून खऱ्या रकमा इथे देत नाही. घराची किंमत १०,००० धरली, तर त्या प्रमाणात त्यांची बचत ३,४०० होते. शिवाय सासरे निवृत्तीच्या पैशांतून ८०० द्यायला तयार आहेत. दोघांचा मिळून महिन्याचा पगार १७०. त्यात पतींचे १०० आणि ताईंचे ७०. घरखर्च ६०, सध्याचं भाडं २५. बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते आहे. पतींचं म्हणणं, सगळेच्या सगळे ४,२०० घालू आणि कर्ज होईल तेवढं कमी करू. ताईंना वाटतं, २,०००च घालावेत, बाकीचे हाताशी ठेवून गुंतवावेत. ताईंच्या भावाचं मत तिसरंच: ९० टक्के कर्ज देणारी संस्था शोधा, १,००० घाला आणि उरलेलं शेअर बाजारात लावा. पतींच्या लहानपणी घरात सावकाराचं कर्ज होतं. तो विषय निघाला की ते गप्प होतात. ‘रोज रात्री हाच वाद होतो आणि रोज अर्धवट राहतो. डाउन पेमेंट नेमकं किती करावं? आणि मी पैशांच्या बाबतीत बेफिकीर आहे का?’ असं ताई विचारतात.

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बेफिकीर माणूस सात वर्षं पैसे साठवत नाही आणि महिन्याचा खर्च असा नीट मांडून पत्रात लिहीत नाही. तुम्ही बेफिकीर नाही. तुमचे पतीही हट्टी नाहीत. तुमच्या दोघांच्या हिशेबात मात्र एक मोठी जागा रिकामी राहिली आहे, आणि माझ्या मते रोजचा वाद तिथूनच सुरू होतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. घराच्या किमतीशिवाय लागणारा खर्च मला त्यात कुठेच सापडला नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकिलाकडून कागदपत्रं तपासून घेणं, बँकेचं प्रक्रिया शुल्क, मध्यस्थाची दलाली, सामान हलवणं. मग राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात लागणारे दिवे, पंखे, पडदे, एखादं कपाट आणि मुलीच्या उंचीला येणाऱ्या खिडकीची जाळी. हे किती होईल ते ठिकाणागणिक आणि घरागणिक बदलतं. पण यातलं बहुतेक बँक कर्जात धरत नाही, ते स्वतःच्याच खिशातून जातं. मी तुमच्यासाठी ८०० धरते, म्हणजे किमतीच्या ८ टक्के. तुम्ही एकेका गोष्टीची चौकशी करून स्वतः बेरीज करा. ८००च्या जागी ६०० येतील किंवा १,००० येतील. पत्रात धरलं आहे तसं शून्य मात्र येणार नाही.

आता पुन्हा मोजू. ३,४०० मधून ८०० गेले, राहिले २,६००. तुम्ही २,००० घातलेत तर तुमच्या हाताशी १,४०० उरतील असं तुम्ही धरून चालला आहात, उरतील ६००. पतींना वाटतं ४,२०० घालता येतील. सासऱ्यांचे धरूनही ३,४००च घालता येतील. म्हणजे रोज रात्री तुम्ही ज्या २,२०० वरून वाद घालता, त्यातले ८०० खर्चात जाणारच आहेत आणि ८०० सासऱ्यांचे आहेत. तुमचा दोघांचा म्हणून जो खरा प्रश्न आहे तो उरलेल्या ६०० चा: ते घरात घालायचे की गाठीशी ठेवायचे?

आधी या ६०० विषयीच बोलू. सासऱ्यांच्या पैशांकडे नंतर येते.

तुमच्या पतींना कर्जाची भीती वाटते आणि ती भीती मला अगदी खरी वाटते. सावकाराचा माणूस दारात उभा राहिलेला ज्या मुलाने पाहिला, त्याला मोठेपणी ‘गृहकर्ज तर सगळेच घेतात’ असं सांगून काही होत नाही. कृपा करून तसं सांगूही नका. त्यापेक्षा एकदा शांतपणे त्यांना विचारा, की त्या दिवसांत घरात नेमकं काय घडायचं. बहुधा ते कर्जाचा एकूण आकडा सांगणार नाहीत, तो त्या वयात त्यांना माहीतही नसेल. ज्या महिन्यात द्यायला पैसे नव्हते, तो महिना ते सांगतील. आईचा उतरलेला चेहरा सांगतील, वडिलांनी कुणाकडे तरी हात पसरला ते सांगतील. कर्ज मोठं होतं म्हणून तर त्रास झालाच. पण दारात माणूस आला तो हाताशी काही नव्हतं म्हणून. आणि सगळी पुंजी घरात घातल्यावर तुमच्या हाताशी नेमकं तेच, काहीच नाही, अशी वेळ येते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या पहिल्या घराच्या वेळी आम्हीही होतं नव्हतं ते सगळं घातलं होतं. हप्ता लहान झाला म्हणून फार समाधान वाटलं होतं. पाचव्या महिन्यात मी जिथे काम करत होते तिथे पगार रखडले, ते तीन महिने रखडले. मी बँकेत गेले आणि विचारलं, आम्ही जास्तीचे भरले आहेत, त्यातले थोडे परत मिळतील का? समोरच्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की ते पैसे आता घराचे झाले, परत येत नाहीत. हवं तर नवं कर्ज मिळेल. ते घेतलं आम्ही, वैयक्तिक कर्ज, गृहकर्जाच्या जवळजवळ दुप्पट व्याजाने. आधी वाचवलेलं व्याज त्यात कुठच्या कुठे गेलं. पण व्याजापेक्षा ते तीन महिने घरात आम्ही एकमेकांशी ज्या आवाजात बोललो, ते मला अजून आठवतं.

म्हणून कुठल्याही जोडप्याला मी पहिल्यांदा हे सांगते: घरात घातलेला पैसा सहजी बाहेर काढता येत नाही, हाताशी ठेवलेला पैसा मात्र कधीही घरात घालता येतो. या दोन बाजू सारख्या वजनाच्या नाहीत. आज कमी भरल्याची चूक दोन वर्षांनी दुरुस्त करता येते. आज जास्त भरल्याची चूक अडचणीच्या दिवशी कळते आणि तेव्हा ती दुरुस्त होत नाही.

आता तुमच्याच आकड्यांवर हे तपासून पाहू. व्याजदर वर्षाला ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षं धरू. तुम्ही २,६०० भरून ७,४०० चं कर्ज घेतलंत तर महिन्याचा हप्ता साधारण ६४ बसतो. २,००० भरून ८,००० चं घेतलंत तर ६९. फरक पाचाचा, म्हणजे तुमच्या दोघांच्या पगाराच्या तीन टक्के.

समजा राहायला गेल्यावर काही महिन्यांनी पतींची नोकरी गेली. घरात तुमचे ७० येतात, घरखर्चाला ६० लागतात. सगळी पुंजी घातली असेल तर ६४ च्या हप्त्यासाठी हातात उरतात दहा. पहिल्याच महिन्यात ५४ कमी पडतात आणि ते आणायचे कुठून हा प्रश्न त्याच रात्री घरात येतो. दुसऱ्या वाटेने गेला असाल तर हप्ता ६९ आहे, कमी पडतात ५९, पण गाठीशी ६०० आहेत. म्हणजे दहा महिने निघतात. दोघांचाही पगार एकाच वेळी थांबला तरी साडेचार महिने निघतात. हप्ता पाचाने जास्त असलेलं घर दहा महिने टिकतं आणि हप्ता कमी असलेलं पहिल्या महिन्यात अडखळतं. हे वाक्य पतींना वाचून दाखवा. त्यांच्या भीतीवर यातलं पहिलं घरच जास्त चांगलं उत्तर आहे.

पण त्यांची बाजू मी पूर्ण मांडली नाही तर तो अन्याय होईल. ६०० आधीच भरले तर २० वर्षांत साधारण ६५० चं व्याज वाचतं. हा लहान आकडा नाही. शिवाय ते म्हणू शकतात, आणि म्हणायलाही हवं, की पुंजी संपली तर संपली, पुन्हा साठवू. तुमच्या पगारातून घरखर्च आणि ६४ चा हप्ता गेला तर महिन्याला ४६ उरतात. तेराएक महिन्यांत ६०० पुन्हा जमतात. हा युक्तिवाद खरोखरच भक्कम आहे. माझं उत्तर एवढंच, की तुमच्या सगळ्या आयुष्यातले ते तेरा महिने सर्वांत नाजूक असतील. घर नवं, त्याची दुखणी अजून कळलेली नाहीत, मुलगी लहान, आणि घरखर्च ६० वरच थांबेल याची कुणीच हमी देऊ शकत नाही. देखभालीचे पैसे आणि घराचा कर हे तर भाडेकरूला बऱ्याचदा द्यावेच लागलेले नसतात. दोन पगार अगदी पक्के असतील, अडचणीला धावून येणारं माणूस असेल, तर तेरा महिन्यांचा धोका पत्करणं हा काही वेडेपणा नव्हे. मला स्वतःला तो पुन्हा पत्करवणार नाही.

आणि व्याज वाचवायची संधी फक्त पहिल्याच दिवशी असते असंही नाही. हप्त्याचं पोट फोडून पाहिलं तर हे कळतं. ८,००० च्या कर्जाच्या पहिल्या ६९ च्या हप्त्यात जवळजवळ ५७ व्याज असतं, मुद्दल जेमतेम १३. पहिली तीन वर्षं तुम्ही एकूण सुमारे २,५०० भरता आणि मुद्दल कमी होतं फक्त ५२० ने. हे पहिल्यांदा पाहताना माणूस हबकतो. पण याच कारणामुळे सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात वरून भरलेली छोटी रक्कमही खूप काम करते. तीन वर्षांनी सगळं सुरळीत असेल आणि तेच ६०० तुम्ही तेव्हा भरलेत, हप्ता मात्र ६९ चाच चालू ठेवलात, तर कर्ज ३२ महिने आधी संपतं. आज हाताशी ठेवलेल्या पैशाला हा रस्ता उघडा राहतो. अट एकच: मुदतीआधी परतफेड केली तर दंड लागतो का, वर्षातून किती वेळा आणि कमीत कमी किती भरता येतं, हे सही करण्याआधी करारात वाचून घ्या. बदलत्या दराच्या आणि ठरावीक दराच्या कर्जांत हे नियम बऱ्याचदा वेगळे असतात.

तुमच्या दोघांसाठी मला एक मधली वाट दिसते. काही बँका गृहकर्जाला जोडलेलं एक खातं देतात. त्यात जेवढे पैसे पडून असतील तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि गरज पडली की ते काढताही येतात. तुमचे ६०० तिथे ठेवले तर पतींना व्याज वाचल्याचं समाधान आणि तुम्हाला पैसे हाताशी असल्याचं. अशा कर्जाचा दर कधी थोडा जास्त असतो. तो फरक किती आहे आणि ६०० वर वाचणारं व्याज त्यापेक्षा जास्त आहे का, हे बँकेतल्या माणसाकडून कागदावर मांडून घ्या. ८,००० च्या कर्जावर दर अर्ध्या टक्क्याने जरी जास्त असेल, तरी ती वाढ ६०० वर वाचलेलं व्याज बरंचसं खाऊन टाकते. म्हणून हिशेब केल्याशिवाय होकार देऊ नका.

आता भावाच्या सल्ल्याविषयी. त्याच्या मनात तुमचं भलंच आहे, पण ९० टक्के कर्जाला मी स्पष्ट नाही म्हणते.

डाउन पेमेंटचा २० टक्के हा आकडा कुणी ठरवला असं वाटत असेल तर त्यामागे इतिहास आहे. १९३० च्या दशकापूर्वी अमेरिकेत घरासाठी साधारण निम्म्या किमतीएवढंच कर्ज मिळायचं, तेही तीन ते पाच वर्षांसाठी, आणि मुदत संपली की उरलेली मोठी रक्कम एकदम द्यावी लागायची. महामंदीत लोकांकडे ती रक्कम नव्हती आणि घरं गेली. १९३४ मध्ये तिथल्या सरकारने गृहकर्जांना विम्याचं पाठबळ दिलं, तेव्हा ८० टक्क्यांपर्यंतचं कर्ज आणि २० वर्षांपर्यंतचे समान हप्ते ही रीत पुढे रुळली. आजही अमेरिकेत सर्वसाधारण गृहकर्जात आणि कॅनडात २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर कर्जदाराला वेगळा विमा घ्यावा लागतो. त्याचा खर्च कर्जदार करतो आणि संरक्षण मिळतं ते कर्ज देणाऱ्याला. भारतात रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादाच घातली आहे: ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्याहून मोठ्या कर्जाला ७५. काही देशांत किमतीच्या तुलनेत कर्ज एका पायरीने खाली आलं की दरही थोडा उतरतो. तुमच्या बँकेत अशी पायरी आहे का ते जरूर विचारा. शंभर-दोनशे जास्त भरून दर खाली येत असेल तर ते शंभर-दोनशे भरण्यासारखे असतात.

भावाच्या वाटेतला खरा धोका असा. तुम्ही १,००० घातलेत आणि पहिल्या काही महिन्यांतच घराची किंमत १० टक्क्यांनी उतरली, तर तुमचा स्वतःचा वाटा जवळजवळ पुसला जातो. त्याच वेळी नोकरीसाठी दुसरीकडे जावं लागलं तर, विक्रीचा खर्च धरता, घर विकून कर्जसुद्धा पूर्ण फिटणार नाही. २,००० घातले असतील तर वाटा निम्मा होतो, पण घर विकून मोकळं होता येतं. हप्ताही बघा: ९,००० च्या कर्जाला ७८. दर पुढे वाढला तर आणखी.

आणि उरलेलं शेअर बाजारात लावायचं हे म्हणणं. २० वर्षांत बाजार कर्जाच्या दरापेक्षा जास्त देईल, कदाचित देईलही. पण कर्ज फेडून वाचणारे ८.५ टक्के ठरलेले आहेत, बाजारातले ठरलेले नाहीत. तुलना करायची तर कर वजा करून आणि मनाची धाकधूक धरून करावी. तुमच्या बाबतीत तर हा प्रश्न येतच नाही, कारण जे ६०० उरणार आहेत ते अडीअडचणीसाठी आहेत. अडचण आणि मंदी पुष्कळदा हातात हात घालून येतात. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये बेरोजगारी ५ टक्के होती आणि ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्के झाली. त्याच मधल्या काळात तिथे शेअर आणि घरं दोन्ही घसरली होती. ज्या दिवशी नोकरी जाते नेमक्या त्याच दिवशी शेअर पडलेल्या भावात विकावे लागणं, याहून वाईट व्यवहार नाही. ताई, इथे मी तुमचंही एक गृहीत खोडते: तुम्ही ‘हाताशी ठेवून गुंतवू’ असं लिहिलंत, ती दोन वेगळी कामं आहेत. हे ६०० बचत खात्यात आणि छोट्या मुदतीच्या ठेवींत, दोघांच्या नावावर ठेवा. गुंतवणूक नंतरच्या पगारातून करा.

आता सासऱ्यांचे ८००. पत्रात तुम्ही या पैशांविषयी फक्त एक ओळ लिहिली आहे, आणि त्याच ओळीत ‘नणंदेला अजून सांगितलेलं नाही’ असंही आहे. म्हणून मी जरा थांबले. निवृत्त माणसाचा पैसा तुमच्या पैशासारखा नसतो. तुम्ही दोघं पुढची पंचवीस वर्षं कमावणार आहात. त्यांचा पगार संपला आहे आणि आजारपणाचा खर्च अजून यायचा आहे. तो आला तर तुम्हालाच करायचा आहे, आणि तेव्हा पैसे घरात अडकलेले असतील. माझं मत असं, की ८०० त्यांच्याकडेच राहू द्या. त्यांना मदत केल्याचं समाधान हवं असेल तर मान ठेवून म्हणा, ‘बाबा, तुम्ही पाठीशी आहात एवढ्याने आम्हाला धीर आहे, खरंच गरज पडली तर आम्ही पहिल्यांदा तुमच्याकडेच येऊ.’ हे नुसतं बोलणं नाही. तुमच्या ६०० च्या मागे उभी असलेली ती दुसरी तटबंदी आहे.

तरीही घ्यायचे ठरले तर ते दिलेले आहेत की उसने, परत करायचे असतील तर कधी, हे साध्या कागदावर लिहा. नणंदेला तो कागद घराची नोंदणी होण्याआधी दाखवा. घरातली कडवट भांडणं पैसे दिल्यामुळे होतात त्याहून जास्त ते कुणाला कळवायचं राहून गेल्यामुळे होतात. तुमच्या ३,४०० मध्ये तुमच्या स्वतःच्या पगारातले किती, हेही त्याच बैठकीत लिहून ठेवा आणि घराच्या कागदावर दोघांची नावं घाला. यात संशय नाही. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील तर मालकीच्या कागदावरही असाव्यात.

तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात, पण प्रत्येकाला २० टक्केच ठीक असतील असं नाही. ज्यांची कमाई महिन्यागणिक वरखाली होते, त्यांनी डाउन पेमेंट वाढवून हप्ता लहान ठेवण्याआधी गाठीशी बारा महिन्यांचा खर्च आहे का ते बघावं. नसेल तर घर एखाद-दोन वर्षं पुढे ढकलावं. निवृत्तीला दहा-बारा वर्षं राहिलेल्यांनी जास्त भरणंच बरं, कारण पगार थांबल्यावर चालू राहणारा हप्ता फार जड जातो. क्रेडिट कार्डाची किंवा वैयक्तिक कर्जाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, मग डाउन पेमेंटचा विचार करा. आणि काही माणसं स्वतःला चांगली ओळखतात: हाताशी पैसे असले की त्यांच्याकडून ते खर्च होतातच. त्यांनी थोडे जास्त घरात घातले तर मी त्यांना नावं ठेवणार नाही, पण तीन महिन्यांचा खर्च तरी दुसऱ्या कुणाच्या सहीशिवाय निघणार नाही अशा खात्यात बाजूला ठेवावा. सगळी पुंजी घातल्याशिवाय हप्ता झेपतच नसेल तर मात्र डाउन पेमेंटचा प्रश्न बाजूला ठेवा. ते घरच आज आपल्या आवाक्यातलं नाही.

तुम्हाला झेपेल का? मला वाटतं झेपेल. ६९ चा हप्ता आणि ६० घरखर्च गेल्यावर ४१ उरतात. देखभाल आणि कर धरला तर पस्तीसच्या आसपास. दर दोन टक्क्यांनी वाढून १०.५ झाला तर हप्ता ८० वर जातो. तेव्हाही महिना निघतो, पण ओढाताण जाणवेल. कागदावर हे ठीक दिसतं, जगताना कसं वाटतं ते कागद सांगत नाही.

म्हणून सही करण्याआधी हप्त्याची तालीम करा. विकणारा थांबायला तयार असेल तर सहा महिने, नसेल तर निदान तीन. भाडं २५ देताच आहात; हप्त्यातले उरलेले ४४ दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाका आणि ते पैसे नाहीतच असं समजून राहा. पाच तारीख चुकवायची नाही, त्या खात्याला हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी दोन गोष्टी तुमच्या हातात असतील: सुमारे २६५ जास्तीची बचत, आणि या हप्त्याबरोबर राहणं कसं असतं याचा दोघांनी मिळून घेतलेला अनुभव. कर्जाची भीती वाटणाऱ्या माणसाला समजावणी फारशी उपयोगी पडत नाही, पण सहा पाच तारखा नीट पार पडलेल्या पाहिल्या की काहीतरी सैल होतं. ते २६५ मग कुठे घालायचे ते पतींना ठरवू द्या. मुद्दलात घातले तर घालू द्या.

आणि आज रात्री वाद घालू नका. रविवारी सकाळी, मुलगी खेळत असताना, एक कागद घेऊन बसा. सगळ्यात वर लिहा: चावी हातात आली त्या संध्याकाळी आपल्या खात्यात किती असावेत? दोघांनी आपापला आकडा वेगवेगळा लिहा आणि मग एकमेकांना दाखवा. पतींचा आकडा शून्य असेल असं मला वाटत नाही. तो जो काही असेल तो ३,४०० मधून वजा करा, खर्चाचे ८०० वजा करा. उरेल ते तुमचं डाउन पेमेंट.

तालमीच्या तिसऱ्या महिन्यात मला पुन्हा लिहा. पहिले दोन महिने उत्साहात जातात. तिसऱ्या महिन्यात घरात काय बोलणं होतं ते मला ऐकायचं आहे.